पालेगाव ते चामटोली, व्हाया फॅन बेल्ट

कागलला परत आले, गिरणी उघडली आणि दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकीनं विचारलं, मुंबईला जाऊन काय काय बघितलंस? मी म्हटलं, मुंबई नाही बघितली, पालेगाव ते चामटोली असा प्रवास केला. एकीनं गव्हाचा डबा खाली ठेवला आणि आवाज बारीक करून विचारलं, "तिकडं जागा घेतलीस व्हय?"

जागा घेतली नाही. पालेगाव अंबरनाथच्या पूर्वेला, चामटोली बदलापूरच्या पुढं. रिक्षा करून, वाटेत चहा पिऊनही माणूस सहज तासाभरात पोचतं. आम्हाला शुक्रवार ते रविवार लागले. लडाखला जाऊन आलेल्या लोकांनी फोटो दाखवावेत, मी आपलं हे सांगते.

पालेगाव

माझी छाया मावशी आणि दिनकर काका पालेगावला राहतात. काका अंबरनाथच्या एका फॅक्टरीत स्टोअर्सला होते, आता निवृत्त. मावशीच्या एका खिडकीतून उंचच उंच इमारती दिसतात आणि दुसऱ्या खिडकीतून भाताचं रिकामं शेत. त्या शेतात म्हशी चरतात आणि त्याच शेताच्या कडेला 'सँपल फ्लॅट तयार आहे' अशी पाटी आहे. म्हशी पाटीला अंग घासतात. आमच्याकडं शेत म्हणजे शेत आणि गाव म्हणजे गाव. इथं दोघांचा अजून निकाल लागलेला नाही.

इमारतीखाली काकांची गाडी उभी असते. फिकट निळ्या रंगाची पद्मिनी, जवळजवळ माझ्याच वयाची. 'काकांची' म्हणणं चूक आहे. गाडी अर्धी काकांची आणि अर्धी त्यांचे फॅक्टरीतले दोस्त हरीनाना भोईर यांची. दोघांनी तरुणपणी मिळून घेतली आणि तेव्हापासून गाडी एक महिना इकडे, एक महिना तिकडे असते. डॅशबोर्डवर डावीकडे काकांनी ठेवलेली बुद्धाची छोटी मूर्ती आहे, उजवीकडे नानांनी चिकटवलेला एकविरा आईचा फोटो. महिना कुणाचाही असो, दुसऱ्याच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. पुसताना मात्र दोन्ही पुसतात.

मी गेले तेव्हा महिना उलटून गेला होता आणि गाडी चामटोलीला पोचलेली नव्हती. नाना रोज फोन करत. काका फोन स्पीकरवर टाकत, त्यामुळे सगळ्या घराला ऐकू येई. गाडी अडवून ठेवायला तुना लाज वाटत नाय का, अशी सुरुवात असे. शुक्रवारी सकाळी त्यांनी शेवटचं सांगितलं, रविवारी गाडी नाय आली तर ट्रॅक्टर घेऊन येतो आन् ओढत नेतो. काकांनी आधी टायरचं कारण दिलं होतं, मग थंडीचं. त्या दिवशी ते म्हणाले, बेल्ट गेलाय.

हे कारण खरं निघालं. खाली जाऊन त्यांनी गाडी सुरू केली आणि कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंकाळी आली. वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या. काका म्हणाले, थंडीत तिला असं होतं. मी पिठाची गिरणी चालवते, ही किंकाळी ओळखीची होती. पट्टा घसरत होता.

बॉनेट उघडून पट्टा काढला. आतल्या बाजूला भेगा, आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा. कडेचे दोरे सुटलेले आणि बाजू काचेसारख्या गुळगुळीत. पट्टा चमकायला लागला की त्याचे दिवस भरले समजायचं. या गाडीत एवढा एकच पट्टा पंखा फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो आणि डायनॅमोही फिरवतो. तो तुटला की इंजिन तापून बसणार.

काकांकडे जादाचा पट्टा होता. ते अभिमानानं घरी गेले आणि कपाटामागून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पट्टा घेऊन आले. कधी घेतला होता ते त्यांना आठवेना. मी तो वाकवला, तर उडदाच्या पापडासारखा मोडला. रबर न वापरताही म्हातारं होतं, हे काकांना अन्यायाचं वाटलं.

उल्हासनगर, कॅम्प ४

त्याच दुपारी काका आणि मी रिक्षानं कॅम्प चारला गेलो. नमुना म्हणून जुना पट्टा पिशवीत. काकांनी रिक्षातून उतरल्यापासून माझं कोपर धरून ठेवलं. तू गर्दीत चुकशील, म्हणाले.

आमच्याकडं दुकानात वस्तू नसली की दुकानदार मान न उचलता 'नाही' म्हणतो. कॅम्प चारला कुणी नाही म्हणतच नाही. पहिल्या दुकानात त्यांनी वॉशिंग मशीनचा बेल्ट काढला. दुसऱ्यानं शिलाई मशीनचा दाखवला आणि वर म्हणाला, थोडा खेचून घ्या. तिसऱ्याकडे कुठलाच पट्टा नव्हता, पण त्यानं खुर्च्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत बनवून देतो म्हणून सांगितलं. कशापासून, ते मी विचारलं नाही. मग आम्ही दाल पकवान खाल्लं. तळलेली कडक पुरी मोडायची आणि त्यावर डाळ, चिंचेची चटणी, कांदा घ्यायचा. काकांनी चटणीऐवजी शेजारच्याच्या चहात पुरी बुडवली. शेजारचा माणूस समजूतदार होता, त्यानं दुसरा चहा मागवला. मला वाटलं, काकांचं लक्ष पट्ट्यात आहे.

शेवटी कमला आंटींचं दुकान सापडलं. अरुंद बोळासारखं दुकान आणि छताला मांडवावरच्या पडवळासारखे पट्टे लोंबत होते. गिरणीचे, पंपाचे, मिक्सरचे, गाड्यांचे. मला तर माहेरी आल्यासारखं झालं. साठीच्या आंटी स्टुलावर चढल्या, काठीनं एक पट्टा काढला आणि जुन्याशेजारी धरला. नवा किंचित मोठा होता. मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "बेटा, जुना पट्टा आकसतो. पुराना है ना."

आता, पट्टा वापरून सैल होतो, आकसत नाही. हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. पण तोवर आंटींनी आम्हाला बसवून चहा दिला होता, त्यांच्या दिरानं कोल्हापूरहून आणलेल्या चपला पायातून काढून दाखवल्या होत्या, आणि एकटी बाई गिरणी चालवते हे ऐकून माझा हात हातात धरून ठेवला होता. त्यांनी स्वतः नवरा गेल्यावर हे दुकान सांभाळलं होतं. अशा बाईला पट्ट्याबद्दल खोटं कसं पाडायचं? मी काकांकडे पाहिलं. काकांनी दोन्ही पट्टे नाकाजवळ नेले, खूप वेळ पाहिले आणि म्हणाले, "सेम टू सेम."

नाही बसला तर आणून दे, मी इथेच आहे, असं आंटी म्हणाल्या आणि निघताना माझ्या पिशवीत मूठभर खजूर टाकला.

शनिवारी पट्टा चढवला. डायनॅमो बाहेर ओढत ओढत पार टोकाला न्यावा लागला, तेव्हा कुठे तो ताणला गेला. त्यापुढे ओढायला जागाच उरली नाही. पण गाडी सुरू झाली आणि किंकाळी नाही. गॅलरीतल्या बायका पुन्हा बाहेर आल्या, या वेळी शांततेनं. काकांनी सगळ्यांना हात केला. मावशीनं रविवारसाठी थालीपिठं करून घेतली. जुना पट्टा मी कचऱ्यात टाकला होता. काकांनी तो परत काढून डिकीत टाकला, कारण काका काहीच फेकत नाहीत.

अंबरनाथ सोडताना

रविवारी सकाळी निघालो. काका म्हणाले, कंबर धरलीय, तू चालव. मी पिठाची पोती नेणारा छोटा टेंपो चालवते, त्यामुळे नाही म्हणायचं कारण नव्हतं. पण या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो. पहिला गिअर समजून मी जो टाकला तो रिव्हर्स निघाला. इमारतीच्या वॉचमननं आधी सवयीनं सलाम केला आणि मग बाजूला उडी मारली. मागे बसलेली मावशी म्हणाली, चामटोली पुढच्या बाजूला आहे.

रस्त्याला लागल्यावर मजा आली. हवेत गारवा, एका अंगाला डोंगरांची करवतीसारखी रांग, आणि आमची बॉनेटवर ऊन खेळवत चाललेली निळी गाडी. लोक वळून बघत. एक म्हातारा सिग्नलला काचेशी येऊन काकांशी बोलला. आपल्याकडेही अशीच होती, विकली आणि झोप उडाली, असं सांगून तो सिग्नल सुटल्यावरही थोडा वेळ सोबत चालत राहिला. आमच्या वेगानं त्याला ते जमत होतं.

काका शेजारी बसून रस्ता सांगत होते. आता डावीकडे मोठं वडाचं झाड येईल, तिथे हळू घे. डावीकडे झाड नव्हतं, मोबाईलचं शोरूम होतं. आता उजव्या हाताला विहीर. विहिरीच्या जागी लग्नाचा हॉल. मला वाटलं, काका जुन्या आठवणी सांगतायत. म्हणून मी प्रत्येक वेळी "हो, दिसलं" म्हणत गेले.

बदलापूर

बदलापूर जवळ आलं आणि किंकाळी परतली. मग डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. माझी नजर समोरच्या रिक्षांवर होती, म्हणून मी काकांना विचारलं, तापमानाचा काटा कुठं आहे? ते पुढे वाकले आणि म्हणाले, मध्यावर आहे, काळजी करू नको. तेवढ्यात बॉनेटमधून वाफ आली. काटा मध्यावर नव्हता, त्याला यापुढे जायला जागा नव्हती.

एका मिसळीच्या दुकानापुढे गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं. आंटींचा पट्टा घसरून उतरला होता आणि पंख्यात अडकून त्याचा पीळ झाला होता. त्याच्यात आता काही राम उरला नव्हता. मावशी पाणी आणायला आणि, आता थांबलोच आहोत तर, मिसळ सांगायला गेली.

मी काकांना म्हटलं, समोरच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचा.

"मिसळ," काका म्हणाले.

"मिसळीचं दुकान पाठीमागं आहे. समोर दाताचा दवाखाना आहे."

काकांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून बरेच महिने झाले. मावशीला त्यांनी चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगितलं होतं. डोळ्याला कुणी हत्यार लावणार या कल्पनेनंच ते तारीख पुढे ढकलत. आणि नानाला कळलं तर तो गाडी परत देणार नाही. "ही गाडी गेली तर तो माझ्याकडे कशाला येईल, मी त्याच्याकडे कशाला जाईन," काका म्हणाले. "फॅक्टरी सुटली तेव्हा बाकी सगळे सुटले, सुनंदा. हा एकटा राहिला, तो गाडीपायी. त्याला सांगू नकोस."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मावशी मिसळ घेऊन आली. इथं मिसळीबरोबर पाव देतात. आम्ही कोल्हापूरकडचे लोक ब्रेड खातो आणि पाव बघून नाक मुरडतो, पण त्या दिवशी भूक एवढी होती की मी मुकाट्यानं पाव खाल्ला. रस्सा गोडसर होता. हे मात्र मी कागलला सगळ्यांना सांगितलंय.

खाता खाता उपाय शोधले. दुकानदारानं सुतळी देऊ केली. मावशीनं ओढणी सोडायची तयारी दाखवली. रविवार, त्यामुळे पार्ट्सची जवळची दुकानं बंद. मग मला डिकीतला भेगाळलेला पट्टा आठवला. त्याचं माप तरी बरोबर होतं. इंजिन निवल्यावर आम्ही तोच परत चढवला. काकांनी स्पॅनरनं नट आवळले, मान आकाशाकडे आणि बोटं इंजिनात. त्या कामाला त्यांना डोळे लागत नव्हते.

मग आम्ही अशा वेगानं निघालो की सायकलवरचं एक जोडपं आम्हाला मागे टाकून गेलं. किंकाळी चालूच होती. पट्ट्याचा एक सुटलेला दोरा बॉनेटला आतून टकटक मारत होता. प्रत्येक टकटकीला मावशी पाठीमागून म्हणे, आहे अजून. एकदा थांबून पाणी घातलं, एकदा नुसतेच थांबलो, कारण मला धीर होईना.

चामटोली

गाव लागल्यावर रस्ता अरुंद झाला, दोन्हीकडे वालाचे वाफे आले आणि आमच्या आवाजानं कोंबड्या पांगल्या. हरीनाना फाटकात उभे होते. उंचपुरे, पांढऱ्या मिशा, लुंगीवर स्वेटर. त्यांनी मावशीला "जयभीम वहिनी" म्हटलं, काकांकडे पाहिलंच नाही आणि सरळ माझ्या बाजूचं दार उघडलं.

"तू चालवलीस? पालेगावपासून?"

मी हो म्हटलं. नाना ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला वाटलं, चिडले. पण ते हसत होते, किंवा तसंच काहीतरी.

मग ते काकांकडे वळले. मागच्या खेपेला तू आणलेली गाडी माझ्या अंगणात नव्हती, ते म्हणाले, शेजारच्या म्हशीच्या गोठ्यात होती. उतरून तू शेजारणीला वहिनी म्हणालास आणि तिच्याकडे चहा मागितलास. तिनं दिला, ती गोष्ट वेगळी. काका म्हणाले, तो चहा चांगला होता.

"मना गाडी नको व्हती, दिनकर," नाना म्हणाले. "तुज्या हातातून काढाची व्हती. कुनाच्या अंगावर घातली असतीस, नायतर सोता गेला असतास. सरळ सांगलं असतं त तू आयकलं नसतंस. म्हनून भांडलो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी काही सांगितलं नव्हतं. मावशी गाडीतून थालीपिठांचा डबा काढत होती. ती म्हणाली, "मला वाटलं, मी एकटीच ओळखून आहे. रोज पेपर वाचला म्हणतात, आणि घडी उलगडलेली नसते."

आपलं गुपित सगळ्यांना माहीत होतं हे कळल्यावर माणसाला राग येतो की हलकं वाटतं, हे मी काकांच्या चेहऱ्यावर शोधत होते. आधी राग आला. ते गाडीला वळसा घालून अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. नाना उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मी पट्टा काढायला बॉनेट उघडलं. पट्टा सैल करताच एका भेगेपाशी आपसूक तुटला आणि साप पडावा तसा माझ्या चपलेवर पडला. मी ओरडले, तेव्हा दोघे धावत आले. चौघांनी तो वाकून पाहिला. बदलापूरपासून याच्यावर आलात, असं नाना दोनदा म्हणाले.

दुपार पोपटीत गेली. ही गोष्ट आमच्याकडं नाही आणि असायला हवी. मडक्यात खाली भांबुर्डा नावाच्या वासाच्या रानझुडपाचा पाला, मग वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या पेटवायच्या. तांबड्या पांढऱ्या रश्शाचा मला फार गर्व आहे, पण तेलाचा थेंब न घालता एवढी चव येते हे पाहून मी थोडी गप्प झाले. धूर शेतावरून डोंगराकडे सरकत होता, ऊन उतरत होतं आणि आम्ही जाळाभोवती बसलो होतो.

तिथंच ठरलं. डोळ्यांचं ऑपरेशन करायचं, आधी एक, मग दुसरा. नाना सोबत जाणार आणि काकांचा हात धरून आत बसणार. डॉक्टर आत बसू देणार नाहीत, असं मावशी म्हणाली, तर नाना म्हणाले, मग बाहेर बसून मोठ्यानं बोलत राहीन, त्याला आयकू येईल. तोवर गाडी चामटोलीत. सोमवारी नाना बदलापूरहून बरोबर मापाचा पट्टा आणणार होते. आणि काकांना दिसायला लागलं की पुन्हा एक महिना इकडे, एक महिना तिकडे.

काकांनी गाडीची चावी नानांच्या हातात दिली. मग शर्टाच्या आत, बनियनच्या खिशात हात घातला आणि आणखी एक चावी काढून पहिल्या चावीवर ठेवली.

"ही काय?" नानांनी विचारलं.

"दुसरी," काका म्हणाले. "पहिल्यापासूनची. आता माझ्याकडे नको."

नाना त्या चावीकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांना सांगितलं गेलं होतं की गाडीसोबत एकच चावी आली. काकांकडे राहिलेल्या त्या एका चावीसाठी ते एकदा भर पावसात पालेगावपर्यंत चालत आले होते. नाना उभे राहिले, लुंगी कसली आणि त्यांचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या शेतातली माणसं काम थांबवून बघू लागली. काकाही उठले, तूही माझ्या नव्या टायरचं काय केलंस ते सांग, म्हणाले.

आधीचं सगळं भांडण खोटं होतं. हे खरं होतं. मावशीनं मडकं आपल्याकडे ओढलं, एक मऊ शेंग सोलून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, खाऊन घे, हे आता लवकर संपत नाही.